दुसरी पार्टी

घर घ्यायचं मनात आलं की माणसानं पहिल्यांदा तोंडाला कुलूप लावावं. कुंडलिकराव पष्ट्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. शहापुरातल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून बावीस वर्षं इमानेइतबारे काढलेल्या या गृहस्थांनी दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, चहाचा कप हातात असताना शिपाई महादूला सहज म्हटलं, "आता एखादं घर बघावं म्हणतो." बस्स, एवढंच. मधल्या सुट्टीपर्यंत बातमी सातवीच्या वर्गात पोचली होती, आणि संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा ओट्यावर तीन माणसं सल्ला द्यायला बसली होती.

म्हणायला कारणही तसंच होतं. घरमालक निमसे शेठ आदल्याच दिवशी येऊन, "लेकाचं लगीन मे महिन्यात धरलंय, एप्रिलअखेर दोन्ही खोल्या लागतील बरं का," असं अगदी हसत हसत सांगून गेले होते. माणूस वाईट नव्हता. पण असं हसत हसत सांगणारा हा सातवा मालक होता. रंभाबाईंनी ऐकून घेतलं, शेठना चहा दिला, आणि ते गेल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत सहा वेळा भांडी गोणपाटात बांधली. आता सातव्यांदा बांधीन ती शेवटची. कुठं न्यायची ते तुम्ही ठरवा." आवाज चढवला असता तर कुंडलिकरावांनी वाद घातला असता. पण त्या भाजी निवडत बोलल्या, त्यामुळे काही बोलायची सोय राहिली नाही.

ओट्यावरच्या तिघांत सगळ्यात पुढे शेजारचे हरड गुरुजी होते. गुरुजी स्वतः तीस वर्षं भाड्यानं राहिलेले, त्यामुळे दुसऱ्यांच्या घरांविषयी त्यांची मतं फार पक्की होती. "पष्टे, आधी पाणी बघा. मग भिंत बघा. मग मागं कोण राहतं ते बघा. आणि मोरी नैऋत्येला असेल तर घरात पाऊलसुद्धा टाकू नका." "आपली आत्ताची मोरी कुठल्या दिशेला आहे?" कुंडलिकरावांनी विचारलं. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला आणि ते लगेच उठून घरी गेले. त्या आठवड्यात त्यांच्या मोरीत दोन दिवस उदबत्ती लागत होती म्हणतात.

महादूनं दुसऱ्याच दिवशी एजंट आणला. नाव संदेश. वय पंचविशीचं, अंगात चकचकीत शर्ट आणि गळ्यात दोरीनं लटकवलेला मोबाइल. त्यानं दिलेल्या कार्डावर एका बंगल्याचं चित्र होतं, आणि बंगल्यापुढं पोहण्याचा तलाव. शहापूर तालुक्यात तसं घर तोवर कुणी बांधलेलं कुंडलिकरावांच्या पाहण्यात नव्हतं. "साहेब, टाइम घालवू नका," संदेश म्हणाला. "किन्हवलीच्या पुढं आवळेगाव आहे. म्हातारी एकटी राहते, मुलगा उल्हासनगरला. मुलाला विकायचंय. बजेटमध्ये बसेल. पण पहिला रूल ऐका. मालकाला भेटायचं नाय."

"का?"

"मालक भेटला की माणूस इमोशनल होतो साहेब. भाव पडत नाय. व्यवहार आमी बघतो, तुमी फक्त घर बघा."

खरं कारण असं की मालक आणि गिऱ्हाईक एकमेकांना भेटले की त्यांना एजंटाची आठवण राहत नाही. पण हे उघड बोलायची पद्धत त्या धंद्यात नाही. तेव्हा आठवड्याच्या बाजाराचा दिवस धरून, म्हातारी बाजाराला गेलेली असताना, संदेशनं दोघांना आवळेगावला नेलं, दाराची कडी काढली आणि दुसऱ्याच्या घरात असं चोरासारखं शिरताना कुंडलिकरावांनी उगाचच चपला हातात घेतल्या.

घर म्हणाल तर काय, पुढं ओसरी, दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, वर कौलं. काही कौलं सरकलेली, भिंतीचा चुना गेलेला. पण स्वयंपाकघराला खिडकी होती. चुलीच्या बरोबर समोर, चांगली हातभर रुंद, आणि तिच्यातून मागच्या दारचा शेवगा आणि पलीकडची भाताची खाचरं दिसत होती. रंभाबाई त्या खिडकीपाशी गेल्या त्या परत येईनात. सातही घरांत त्यांनी भिंतीकडं तोंड करून भाकऱ्या भाजल्या होत्या. कुंडलिकराव बोलवायला गेले तर त्या हातानं माप घेत होत्या. "इथं डब्यांची फळी," त्या म्हणाल्या, "इथं पिंप." एवढंच बोलल्या, पण परतीच्या जीपमध्ये त्या एकट्याच हसत होत्या. कुंडलिकरावांनी बायकोला असं हसताना फार वर्षांनी पाहिलं, आणि त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की घर घ्यायचं ते हेच. मालकाची मागणी दीड लाखाची होती. यांनी संदेशकडून एक वीस कळवलं.

इथं थांबले असते तर सगळं नीट झालं असतं. पण रंभाबाईंनी माहेरी फोन केला होता.

रविवारी सकाळी दारात कमळूमामा हजर. हा रंभाबाईंचा सख्खा मामा नव्हे; माहेरच्या गावचा, म्हणून मामा. सगळी हयात म्हसा गावच्या जत्रेत बैलांचे सौदे जुळवण्यात गेलेली. घरोघरी ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तसा मामा मुरबाडला बसून घरांचे सौदे करू लागला. पद्धत मात्र बैलांचीच राहिली. घराला चारी बाजूंनी फेरी मारायचा, भिंतीवर थाप द्यायचा आणि दाराच्या चौकटीत तोंड घालून आत निरखून बघायचा.

"जावय, भाच्चीनं सांगला, घर पायजे. चला. एक घर हाय, अजून कोनाच्या नजरंत नाय," मामा म्हणाला.

बायकोच्या माहेरच्या माणसाला नाही म्हणणं कुंडलिकरावांच्या रक्तात नव्हतं. तीन जीपगाड्या बदलून, पुन्हा बाजाराचाच दिवस धरून (मामालाही मालकाची गाठ नकोच होती), तो त्यांना घेऊन उतरला कुठं, तर आवळेगावला. त्याच ओसरीपुढं.

आता खरं तर इथं "मामा, हे आम्ही पाहिलंय" एवढं म्हणायला हवं होतं. पण घर पहिल्यांदा कोणी दाखवलं यावरून एजंटांत डोकी फुटतात हे कुंडलिकरावांनी ऐकलं होतं, आणि संदेशचं नाव घ्यावं तर मामा दुखावणार. रंभाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं रंभाबाईंकडं, आणि दोघांनी जन्मात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं ते घर पाहिलं. कुंडलिकरावांनी तर "अरे वा, खिडकीसुद्धा आहे," असं म्हणून घेतलं. रंभाबाईंनी या वेळी फळीचं माप बोटांनी घेतलं.

परत येताना मुरबाडच्या जीप-स्टँडवर मामानं खांद्यावरचा टॉवेल काढला, कुंडलिकरावांच्या उजव्या हातावर टाकला आणि त्याच्या खाली आपला हात घातला.

"हे काय, मामा?"

"भाव," मामा हळूच म्हणाला. "आपन तोंडानं बोलायचा नाय. म्हशाला पन आमी असाच करताव."

टॉवेलाखाली मामानं त्यांची दोन बोटं धरली, सोडली, मग चार धरली, मग सगळा पंजा दाबला, मग करंगळी ओढली. आजूबाजूला दहा-बारा माणसं जमली. एक जण म्हणाला, "मास्तरांना बैल घ्यायचाय वाटतं." कुंडलिकरावांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

"पटला का?" मामानं विचारलं.

"पटला, पटला," कुंडलिकराव म्हणाले आणि हात ओढून घेतला. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी भीतभीत विचारलं, "मामा, पण आपण नक्की किती म्हणालो?" मामानं ओठांवर बोट ठेवलं. "बोलला का सौदा फिसकटला." आणि त्यानं तंबाखूचा बार भरला, म्हणजे तो आता बोलणार नव्हताच. सुरुवात असते ती कमीच असणार, एक दहा वगैरे, अशी कुंडलिकरावांनी आपली समजूत घालून घेतली आणि दोन्हीकडून प्रयत्न चालू आहेत याचं त्यांना थोडं समाधानसुद्धा वाटलं.

चार दिवसांनी संदेश शाळेत आला. "साहेब, प्रॉब्लेम आहे. मुरबाडची एक पार्टी घुसलीय. एक तीसवर आहेत."

कुंडलिकरावांनी हातातलं मस्टर मिटलं. "कोण आहे?"

"पार्टीचं नाव नाय सांगत कोणी. पण तगडी वाटते."

"एक पस्तीस सांगा," कुंडलिकराव म्हणाले. पुढच्या आठवड्यात कमळूमामा आला, दाराबाहेर चप्पल काढायच्या आत त्यानं टॉवेल काढला. "जावय, शापूरची कोनतरी पार्टी वर गेली. सोडायचा नाय आपन." टॉवेलाखाली पुन्हा बोटांची ओढाओढ झाली. रंभाबाईंनी आतून विचारलं, "अहो, हा शहापूरचा कोण असेल?" "असेल कुणीतरी गबर माणूस," कुंडलिकराव म्हणाले. "एक शहापूरचा, एक मुरबाडचा. दोघांच्या मध्ये आपण सापडलोय."

मग एक पंचेचाळीस झाले, मग दीड. दीड म्हणजे मालकाची मूळ मागणी. पण तोवर म्हातारीच्या मुलानं मागणीच वर नेली होती. कुंडलिकरावांना मुरबाडच्या त्या पार्टीचा भयंकर राग येऊ लागला. तो कसा दिसत असेल हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं: धान्याचा व्यापारी, पोट सुटलेलं, बोटात सोन्याची अंगठी. "याला कशाला हवंय खेड्यातलं घर? गोदाम करणार असेल," ते जेवताना म्हणत. एसटीत कुणी मुरबाडचा प्रवासी शेजारी बसला तर ते खिडकीकडं तोंड फिरवत. एकदा तर एका अंगठीवाल्या माणसाला त्यांनी मुद्दाम सुट्टे पैसे दिले नाहीत.

इकडं पैसे उभे करायचे तर त्याची निराळीच कथा. भविष्य निर्वाह निधीतून उचल घ्यावी म्हणून त्यांनी अर्ज केला. अर्ज परत आला. वर तांबड्या शाईनं लिहिलं होतं, "घरमालकाचे संमतिपत्र जोडलेले नाही. त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे." यातलं दुसरं वाक्य कुंडलिकरावांनी बावीस वर्षांत दुसऱ्यांच्या हजार अर्जांवर लिहिलं होतं. स्वतःच्या अर्जावर ते वाचताना त्यांना असं झालं, की पूर्वीच्या त्या सगळ्या लोकांना शोधून काढावं आणि एकेकाची माफी मागावी. संमतिपत्र हवं तर मालकाला भेटायला हवं. आणि मालकाला भेटायचं नाही. संदेशला विचारलं तर म्हणाला, "व्यवहार पक्का झाल्यावर देतो." निधीवाले म्हणाले, "संमतिपत्र आणा, मग व्यवहार पक्का करा."

घराचा उतारा आणायला ते रजा टाकून मंगळवारी आवळेगावला गेले, तर ग्रामसेवक मीटिंगसाठी शहापूरला गेले होते. बुधवारी शहापुरात शोधलं, तर ते आवळेगावला. गुरुवारी कळलं की मंगळवारी जाता-येता दोन्ही वेळा त्यांची आणि यांची जीप रस्त्यात समोरासमोर आली होती आणि एकदा तर ग्रामसेवकांनी यांना हात करून रामरामही केला होता. शेवटी उतारा मिळाला. त्यावर घर अजून म्हातारीच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावावर होतं. कुंडलिकराव त्या दिवशी न जेवता झोपले.

निधीचा नाद सोडून त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं. इसारापुरता पंचवीस हजारांचा चेक तेवढा हाती आला. बाकीचं कर्ज खरेदीच्या वेळी मिळणार होतं, आणि कमी पडेल ते रंभाबाईंच्या बांगड्यांवर भागणार होतं. एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत भाव एक पंच्याहत्तरला पोचला आणि कुंडलिकरावांची ताकद संपली. निमसे शेठनी मांडववाल्याला खोल्या दाखवायला आणलं होतं. तो रंभाबाईंच्या चुलीपुढं उभा राहून "इथं हलवाई बसवू" म्हणाला.

अशात संदेशचा निरोप आला. "साहेब, म्हातारी म्हणते दोन्ही पार्ट्यांना रविवारी समोर बोलवा. समोरासमोरच काय ते सांगते. नियमात बसत नाय, पण म्हातारी हट्टाला पेटलीय." त्याच संध्याकाळी मामाचाही निरोप आला, तसाच.

"चला तर," कुंडलिकराव म्हणाले. "बघू तरी त्याचं तोंड." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चेक खिशात ठेवला. रंभाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. लेक स्नेहल म्हणाली, "बाबा, तुम्ही भांडायला चाललाय की घर घ्यायला?" कुंडलिकरावांना स्वतःलाच ते नक्की ठाऊक नव्हतं.

आवळेगावच्या फाट्यावर संदेश मोटारसायकलवर बसला होता आणि जरा पुढं झाडाखाली कमळूमामा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. एकमेकांविषयी वाईट मात्र पुष्कळ ऐकलं होतं. मामानं "या जावय" म्हटल्यामुळे संदेशला तो पाहुणा वाटला. संदेश "साहेब" म्हणाल्यामुळे मामाला तो शाळेतला वाटला. चौघं मिळून चालत घरापाशी आले.

घर ओळखू येत नव्हतं. कौलं परतलेली, भिंतीला पांढरा स्वच्छ चुना, अंगण सारवलेलं. ओसरीवर दोन सतरंज्या अंथरल्या होत्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. म्हातारी मालकीण, धोंडूबाई, पुढं आल्या. सत्तरी उलटलेली, ठेंगणी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला.

"या, या. संदेश आला, कमळू पन आला. आन ही कोनाची पार्टी?"

"माझी," संदेश म्हणाला.

"माझी," मामा म्हणाला.

दोघं एकाच वेळी म्हणाले. मग संदेशनं मामाकडं पाहिलं, मामानं संदेशकडं पाहिलं, आणि मग दोघांनी मिळून सावकाश कुंडलिकरावांकडं पाहिलं. कुंडलिकराव एका सतरंजीवर बसले होते ते उठून दोन्ही सतरंज्यांच्या मध्ये जमिनीवर बसले. का बसले ते त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही.

धोंडूबाईंना मात्र फार गंमत वाटली. "बगा! घरापायी भांडत व्हते, आता पार्टीपायी पन भांडाया लागले," असं म्हणून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "दुसरी माणसा येऊं देत. तवर मी च्या ठेवतंय." रंभाबाई मदतीला म्हणून त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. एका पार्टीवर दोन एजंट म्हणजे दलाली अर्धी अर्धी, आणि शिवाय गेले दोन महिने काय चाललं होतं हे म्हातारीच्या मुलाला कळलं तर अर्धीही नाही, एवढा हिशेब दोघा एजंटांना आला होता. मामा कौलं मोजायला लागला.

कुंडलिकरावांना अजूनही सगळं समजलं होतं असं नाही. माणसाला आपला गाढवपणा एकदम समजत नाही, तो हळूहळू उतरतो. मुरबाडची पार्टी. शहापूरची पार्टी. टॉवेल. अंगठी. दीड लाखावर पंचवीस हजार त्यांनी स्वतःच स्वतःवर चढवले होते, आणि त्यासाठी पतपेढीत दोन जामीन दिले होते. आणि मग लगेच, लाज सरायच्या आत, दुसरा विचार आला: म्हणजे दुसरं कुणीच नाही! घर आपलंच!

आतून धोंडूबाईंचा आवाज येत होता. त्या सगळ्यांशीच मोठ्यानं बोलत.

"बाय, तुमाना सांगतंय. गेल्या सालापतूर पोर म्हनायचा, आये, ही पडकी खोली कोन घेल, दे टाकून, आन चल उल्हासनगरला. गेलते मी एक म्हयना. येवढीशी खोली. खाटेवर नाती, खाली मी. पाय पसरला का खाटेचा खूर लागं. पानी प्यायाचा त सुनंला इचारायचा, माठ कुठं हाय. मना वाटं, मरान आला त बरा. आन आता? ह्या दोन पार्ट्या मागं लागल्या तवापासून पोर दर रव्वारी येतंय, मोसंबी आनतंय. कौला परतली, चुना लावला. म्हनतंय, आये, आता विकायचा नाय, भाव चढतंय, तू हितंच र्‍हा, घराव ध्यान ठेव." त्या हसल्या. "मना काय, मना ध्यानच ठेवायचा हाय. म्हनून म्हनला, दोघांना बोलवू, हात जोडू. येवढी शिकलेली माणसा, माझ्या घरापायी भांडली. नुसता निरोप कसा धाडायचा? नवा तांदूळ बांधून ठेवलाय, दोघांना पायली पायली."

मग आतून कप मांडल्याचा आवाज आला.

एवढ्यात मुलगा आला. अजय त्याचं नाव. गावात मोबाइलला रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर येई, तिथून तो खाली उतरला. "तुमी शापूरचे ना? मुरबाडवाले कुठंत?"

मामा पुन्हा कौलं मोजायला लागला.

अजयनं घड्याळ पाहिलं. "बघा, मी स्पष्ट बोलतो. दुसरी पार्टी असंल तर मी दोन वर्षं थांबायला तयार हाय. नसंल, नुसती हवा असंल, तर मग मना थांबून फायदा नाय. तुमचा एक पंच्याहत्तरचा शब्द हाय. इसार आणलाय? तर आजच लिहून टाकू. आयेला रातच्याला घेऊन जातो."

धोंडूबाई चहाचं पातेलं घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या. चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, पण डोळे पोराकडं लागले. पातेल्यावरची फडक्याची पकड घट्ट झालेली कुंडलिकरावांनी पाहिली, आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

चेक खिशात होता. खोटं बोलायची गरज नव्हती, फक्त खरं बोलायचं होतं. बावीस वर्षांत त्यांनी एक कागद दडवला नव्हता. आणि पंधरा दिवसांनी हलवाई येणार होता. खिशावर हात ठेवून ते म्हणाले, "खरं सांगायचं तर, अजयराव—"

"मुरबाडवाले ना? ते भेटले की आम्हाला," रंभाबाई आतून म्हणाल्या. धोंडूबाईंच्या बाजूनं वाट काढत त्या कपांचं ताट घेऊन बाहेर आल्या. "सकाळी फाट्यावर भेटले. ते जाडे, बोटात अंगठी आहे ते. त्यांच्या घरात आजारपण निघालं म्हणून परत गेले. पण म्हणाले, दोन पावसाळे थांबायला लागलं तरी चालेल, घेऊ तर हेच घर. आमच्यापेक्षा पंचवीस हजार जास्त द्यायला तयार आहेत. आमची नाही बाई तेवढी ताकद. आम्ही सोडलं."

त्यांनी नवऱ्याकडं पाहिलंच नाही. कप एकेकाच्या पुढं ठेवत गेल्या.

"दोन लाख?" अजय म्हणाला आणि तो खाली बसला. "मंग थांबायलाच पायजे. आये, ऐकलंस?"

"ऐकला रे," धोंडूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आधी रंभाबाईंच्या कपात चहा ओतला, काठोकाठ.

निघताना त्यांनी तांदळाची दोन्ही गाठोडी आणून दिली. "ह्या तुमचा. ह्या त्यांचा, भेटले त द्या. सांगा, म्हातारीनं हात जोडलेत." कुंडलिकरावांनी दोन्ही घेतली. म्हातारीच्या पाया पडावं असं त्यांना फार वाटलं, पण ते कशासाठी हे सांगता आलं नसतं, म्हणून पडले नाहीत.

फाट्यावर दोन्ही एजंट मागोमाग आलेच. आता भांडणार, असं वाटलं. पण संदेशनं बाजूला येऊन हळूच विचारलं, "मॅडम, त्या अंगठीवाल्या पार्टीचा काय पत्ता, फोन काय आहे का?" आणि तो दूर होताच मामा जवळ आला. "रंभे, त्यो जाडा मुरबाडात कुठल्या आळीत र्‍हातो गो? माझ्या नजरंत कसा नाय आला?" रंभाबाईंनी दोघांनाही हात जोडले आणि जीपमध्ये चढल्या.

जीपमध्ये अकरा माणसं होती. किन्हवली मागं पडेपर्यंत रंभाबाई सरळ बसल्या होत्या. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि त्या रडू लागल्या, चांगल्या हमसून, सगळ्यांसमोर. समोरच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. जीपवाल्यानं गाणं बंद केलं. कुंडलिकरावांच्या दोन्ही मांड्यांवर तांदूळ होता, त्यांना हात मोकळा करता येईना.

"मला ते घर फार आवडलं होतं हो," रंभाबाई म्हणाल्या. "फार म्हणजे फार आवडलं होतं."

"मग कशाला बोललीस? मी सांगतच होतो."

"तुम्ही सांगतच होता म्हणून तर बोलले. सांगून झाल्यावर तुम्हाला त्या घरात एक घास गेला असता का? मला नसता गेला. मला रोज तो खाटेचा खूर दिसला असता."

कुंडलिकरावांना आपल्या बायकोचा अभिमान वाटत होता, घर गेल्याचं दुःख होत होतं, आणि इतका थकवा आला होता की दोन्हींतलं काही धड वाटून घेण्याची ताकद अंगात नव्हती. शहापूर जवळ आलं तसं रंभाबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं, समोरच्या बाईला बाटली परत केली आणि साडीच्या निऱ्या नीट केल्या.

"उद्यापासून भाड्याच्या खोल्या बघायला लागा," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस राहिलेत. आणि अहो..."

"काय?"

"या वेळी एकाच एजंटाला सांगा."